निंदणाच्या पातीतलं इंग्रजी

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजही नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणी हे वाचलंच, तर सांभाळून घ्यावं.

लेक दहावीला इंग्रजीत नापास झाली, ते वर्ष मला फार आठवतं. तिचे वडील म्हणाले, "ऑक्टोबरला पास झाली तर शिकू दे. न्हाई तर पाहुणे तयारच हायेत." तिला पुढं शिकायचं होतं. कळमनुरीला शिकवणी लावायची तर पैसे हवे होते. कुणापुढं तोंड उघडणं मला जड जाई, तरी ज्यांच्या शेतात आम्ही निंदायला जायचो त्या मालकीणबाईंकडून उचल घेतली. मजुरीतून थोडे थोडे कापायचे ठरले.

शिकवणी सकाळची. दुपारी लेक माझ्या शेजारच्या पातीला खुरपं चालवायची आणि तोंडानं इंग्रजी घोकायची. बिफोर, आफ्टर, विदाऊट असे शब्द मी तिच्याकडून ऐकून स्वतः पाठ केले होते. मी एक शब्द द्यायचा, तिनं त्याच्यापुढं एखाद्या कामाचा इंग्रजी शब्द जोडायचा. आम्ही इतकं हळू बोलायचो की पुढची मावशी एकदा वळून म्हणाली, "काय गं, मायलेकी मंतर टाकून राहिल्या का माझ्यावर?"

लेक लाजली. "न्हाई मावशी, इंग्रजी हाय."

"मंग मोठ्यानं म्हण की! जेवायच्या आधी?"

"बिफोर ईटिंग."

"जेवल्यावर?"

"आफ्टर ईटिंग."

"अन् न जेवता?"

"विदाऊट ईटिंग."

"अगं, न जेवताबी ईटिंगच? लई सोपं हाय मंग!"

सगळ्या बाया हसल्या. त्या दिवसापासून त्याच तिला विचारू लागल्या. निंदल्यावर, सावलीत बसायच्या आधी, नवऱ्याला न विचारता. लेक हात न थांबवता मोठ्यानं उत्तरं द्यायची. तिचा एवढा मोकळा आवाज मी आधी ऐकला नव्हता. आजही तो गलका आठवला की हातातलं काम तसंच राहतं.

निकाल लागला तेव्हा आम्ही त्याच रानात कापूस वेचत होतो. ती पास झाली होती. "बोललो तसं करतो," म्हणून तिच्या वडिलांनी पाहुण्यांना नकार कळवला. वेचणी संपेपर्यंत लेक माझ्यासोबत येत राहिली. शेवटच्या आठवड्याची मजुरी देताना मालकीणबाईंनी उरलेले पैसे कापले आणि म्हणाल्या, "आता तुमच्याकडं काही राहिलं न्हाई." उचल पुरती फिटली.