केरातली चांदी आणि आईचा एक दिवस

मी कॅनडाला निघाले त्या दिवशी आमच्या दारात अख्खी गल्ली जमली होती. दोन हजार एकचा जानेवारी. जीप उभी, टपावर बॅगा बांधलेल्या. मावशी रडत होती, शेजारच्या काकू रडत होत्या, मी तर सकाळपासून रडतच होते. उंबऱ्याशी आले तशी आईनं माझं नाव घेऊन हाक मारली, "सुने, थांब." मला वाटलं, आता गळ्यात पडणार. तर ही बाई कुंचा घेऊन खाली बसली आणि म्हणाली, "पाय वर कर. हं, आता दुसरा." माझ्या तळव्यांची धूळ तिनं गोणपाटावर झाडून घेतली, साडीच्या निऱ्या झटकल्या, आणि मगच म्हणाली, "जा आता. पोचलीस की फोन कर."

मुंबईच्या विमानतळापर्यंत मला त्याचा राग होता. पोरगी सातासमुद्रापार चालली आणि हिला धुळीची पडली! नवऱ्याला सांगितलं तर तो साताऱ्याकडचा, त्याला काही कळेना. मग मलाच त्याला समजावून सांगावं लागलं, आणि सांगता सांगता राग गेला.

आमचं घर हुपरीतलं, पैंजण करणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत आबा आणि माझा भाऊ राजू कामाला बसत. चांदी घासली, कापली, कानसली की तिचा भुगा उडतो. तो डोळ्यांना दिसत नाही; कपड्यांत बसतो, केसांत बसतो, फरशीच्या सांध्यात जातो. म्हणून आमच्या घरात केर टाकत नाहीत. केर राखतात. खोलीतून बाहेर पडणाऱ्यानं पाय झाडायचे, हात एकाच घमेल्यात धुवायचे, आणि ते काळं पाणीसुद्धा पिंपात साठवायचं. पैंजणांची चांदी आबांची आणि जमिनीवरची आईची, असा आमच्या घरचा कायदा होता. कुणी केला माहीत नाही, पण आबांनी तो कधी मोडला नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे दस्तगीरचाचा यायचे. ते झारेकरी, म्हणजे असल्या केरातून चांदी काढणारे. अंगणात भट्टी लावायचे आणि आई वर्षभराचं पोतं त्यांच्यासमोर ओतायची. काय नसायचं त्यात? केस, दोऱ्यांची गुंतवळ, विड्यांची थोटकं, चिंचोके, माझ्या तुटलेल्या बांगड्यांच्या काचा. ते सगळं जाळायचं, राख परातीत घेऊन पाण्यात हलवत हलवत धुवायची, हलकं वाहून जाऊ द्यायचं. खाली चिमूट-दोन चिमूट काळपट गाळ उरला की तो टाकणखार घालून मुशीत. फुंकणीनं चाचांचे गाल फुगत, मूस लाल होई, मग पिवळी, आणि मग आत एकदम काहीतरी डोळा उघडल्यागत चमके. दरवर्षी बघायचे मी, आणि दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा. आजही लिहिताना आला. पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेल्या घरातले चाचासुद्धा त्या क्षणी "या अल्ला" म्हणायचे, आणि आई पदर डोक्यावर घ्यायची.

ती गोळी घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी आई कोल्हापूरला जायची. एकटी. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'येतो-जातो' म्हणतात, तशी ती ठणकावून म्हणायची, "मी जाऊन येतो. सांच्याला येतो." नवी साडी, पायात बाहेरच्या चपला. सराफाकडे गोळी टाकायची आणि उरलेला दिवस तिचा. कुठं जायची, काय करायची, काय खायची, कुणाला ठाऊक नाही. विचारायचं नाही, हाही कायदाच.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट आहे, लक्षात घ्या. आमच्या गल्लीतली बाई माहेरी जायची, दवाखान्यात जायची, बाजारात जायची; पण 'अशीच' कुठं जायची नाही. काकू कुजबुजत. एकदा एका पाहुण्यानं आबांना टोचलंच, "मालकीणबाई एकट्याच?" आबा कानस न थांबवता म्हणाले, "वरीसभर वाकून झाडलंय तिनं, पावणं. एक दिस ताठ चालू दे की." पाहुण्यानं चहा संपवला.

राजू आणि मी मात्र पुरावे शोधायचो. एका वर्षी तिचे ओठ विड्यानं लालभडक झालेले. एका वर्षी चपला ओल्या. एका वर्षी केसांत अबोलीचा गजरा, तोही दुपारीच माळल्यासारखा सुकलेला. आणि एका वर्षी तर तिचा घसा बसला होता! कुठं एवढं ओरडून आली होती, देव जाणे. राजूनं कुस्तीचा अंदाज केला, मी सिनेमाचा. ती गरम पाण्याच्या गुळण्या करत बसली आणि मधूनच एकटीच हसत राहिली. आमच्यासाठी खाऊ आणायची, पण नेहमी नाही. एकदा रिकाम्या हातानं आली म्हणून आम्ही तोंडं फुगवली, तर म्हणाली, "तुमची दिवाळी झाली की. ह्यो माझा सण हाय."

कॅनडात आल्यावर डिसेंबरची खरी गंमत कळली. ऑफिसात चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गिफ्ट द्यायचं, नाताळच्या दुसऱ्या दिवशी बॉक्सिंग डेच्या सेलला थंडीत रांग लावायची, ज्यानं त्यानं आपापला पदार्थ आणायच्या पॉटलकला पोह्यांचा चिवडा न्यायचा. सगळं छान होतं, खोटं कशाला बोलू? दारात गुडघाभर स्नो बघून पहिल्या वर्षी मी लहान पोरासारखी नाचले. पण अपार्टमेंटला भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आणि कार्पेटला वॅक्युम क्लीनर. पहिल्या डिसेंबरात त्याची पिशवी रिकामी करायला घेतली आणि मी कचऱ्याच्या डब्यापाशी तशीच उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, "काही हरवलंय का?" मी म्हटलं, "नाही रे." त्यानंतर सवय झाली. दर शनिवारी पिशवी काढायची, गाठ मारायची, इमारतीच्या कचऱ्याच्या नळीत टाकायची. हाताला सवय झाली की डोक्याला विचारतो कोण?

दोन हजार सहाच्या डिसेंबरात तीन आठवड्यांची सुटी काढून हुपरीला गेले. आता लिहिते ते लिहायला लाज वाटते, पण माझ्यासारख्या गेलेल्यांनी ते वाचावंच. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जेट लॅगमुळे पहाटेच जाग आली. सगळे झोपलेले. म्हटलं, आईला जरा आराम देऊ. पुढची खोली लख्ख करून टाकली. फरशी फिनेलनं धुतली. न्हाणीपाशी प्लास्टिकच्या पिंपात घाण काळं पाणी होतं, ते गटारात ओतलं. कोपऱ्यात खताचं पोतं, वर तोंड बांधलेलं, आत केर. एवढ्यात ग्रामपंचायतीचा कचऱ्याचा ट्रॅक्टर आला. पोतं मी स्वतः उचलून दिलं. वर त्या माणसाला 'थँक्यू'पण म्हणाले.

आई उठून बाहेर आली. आधी तिला फिनेलचा वास आला, मग रिकामा कोपरा दिसला.

"हितलं पोतं?"

त्या क्षणी सगळं आठवलं. अख्खं बालपण आठवलं!

"अगं बया... सुने, माझं वरीस दिलंस की गं गाडीत!"

राजू मोटारसायकल काढून ट्रॅक्टरच्या मागं धावला. तासाभरानं परत आला तो कपाळाला हात लावूनच. खड्ड्यात सगळ्या गावाचा कचरा एक झाला होता आणि त्याला वरून कुणीतरी काडीपण लावली होती. दस्तगीरचाचा दुसऱ्याच दिवशी येणार होते. मी आईच्या पायाशी बसले. म्हटलं, "आई, मी देते ना चांदी. आत्ता जाते पेठेत, पाहिजे तेवढी घेते. तू तुझ्या दिवसाला जा."

तिनं माझ्याकडं बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझ्या चांदीवर मी का जाऊ? तू पावणी हाईस. पावण्याकडनं घेत न्हाईत, पावण्याला देत्यात." आणि आत जाऊन तिनं माझ्यासाठी चहा टाकला. कपबशीत, ट्रेमधून आणला. त्या ट्रेनं मला जे झालं ते थोबाडीत मारूनही झालं नसतं. सहा वर्षं दर खेपेला मला त्या ट्रेमधून चहा मिळत होता आणि मी तो मान म्हणून पीत होते.

आबा नेहमीच्या जागी बसून काम करत होते. सत्तरी गाठलेले, नजर अधू, तरी बसायचे. जेवणं झाली आणि ते उठले. बसायचा पाट त्यांनी बाजूला सरकवला, पहार आणली आणि त्या जागची शहाबादी फरशी एका हिसक्यात उचकटली. खाली काळीभोर माती.

"हे हाय की," आबा म्हणाले.

आई दारातच थबकली. असल्या घरांची जुनी जमीन लाखमोलाची. सांध्यांतून झिरपलेली चांदी तिच्यात असते. पण ती उकरायची ती घर पाडून नवं बांधतानाच, त्याआधी नाही. ती पुढच्यांची ठेव असते.

"घर पाडायचं तवा काढायचं असतंय ते," आई म्हणाली.

"पाडायला मी थांबतोय व्हय? काढ. माझ्या बुडाखालचं हाय, मी देतोय."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं, आणि एकदम माझ्यावर खेकसली, "बघतीस काय उभी ऱ्हाऊन? घे खुरपं!"

काय सांगू, मला एवढा आनंद विमानाचं तिकीट हातात पडलं तेव्हाही झाला नव्हता. पदर खोचून मी खड्ड्यापाशी बसले. हातभर खोल गेलो. माती चाळता चाळता एक-दोन बुजलेली घुंगरं निघाली. आबांनी ती हातावर घेऊन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "ही माझ्या बापाच्या वेळची घडण. आता अशी कोण करतंय?" त्यांचे वडील मी पाहिलेसुद्धा नव्हते. त्यांच्या हातून निसटलेलं घुंगरू माझ्या तळहातावर होतं, आणि आत अजून वाजत होतं.

दुसऱ्या दिवशी चाचांनी भट्टी लावली. त्यांची दाढी पांढरी झाली होती, पण गाल तेच. माती जळली, धुतली, आटली. मुशीतला तो डोळा उघडला तेव्हा चाचा 'या अल्ला'सुद्धा म्हणायचे विसरले. एवढी मोठी गोळी त्या अंगणात कधी निघाली नव्हती. एका माणसाचं सगळं बसणं, उठणं, घासणं, शिंकणं तिथं लखलखत होतं. आम्ही ज्यावर पाय देऊन वाढलो, ते हे होतं! मी हात जोडले, कुणाला ते मला आजही सांगता येणार नाही.

गोळी गार झाल्यावर आईनं चाचांना सांगितलं, "दोन करा."

चाचांनी छिन्नीनं दोन तुकडे केले. एक तिनं कनवटीला लावला, दुसरा माझ्या हातावर ठेवला.

"मला कशाला? तू..."

"शाळंतनं आली की हितंच बसून घुंगरं जोडायचीस न्हवं तू? मग तुझी धूळ न्हाय व्हय ह्यात? गप घे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी निघालो. मनात माझे बेत सुरू झाले होते: आईचा हात धरून हिंडेन, एवढ्या वर्षांचं गुपित अखेर बघायला मिळेल. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो, सराफाकडे जाऊन आलो, आणि ती पेढीच्या पायरीवर चपला घालत म्हणाली, "आता तू तिकडं, मी हिकडं. सहाच्या गाडीला भेटू."

"आई, मी एकटी काय करू?"

"मला काय इचारतीस? तुझा दिस हाय." आणि ती वळली. गर्दीत ताठ मानेनं चालत गेली. मी तिला एवढ्या ताठ मानेनं चालताना कधीच पाहिलं नव्हतं, कारण तिच्या ह्या दिवशी मी कधी सोबत नव्हतेच.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मुलखात होते आणि कुणाच्या घरी जायचं नव्हतं. हातात यादी नव्हती, चॉकलेटं वाटायची नव्हती, 'तिकडं कसं असतं' ते सांगायचं नव्हतं. कुणी वाट बघत नव्हतं. समोरून ऊस भरलेली ट्रॉली गेली, मागोमाग दोन पोरं एका सायकलवर, आणि एका म्हाताऱ्यानं "बाजूला व्हा की ओ पावणं!" म्हणून मला हटकलं. मी हसत सुटले. ऊन कोवळं होतं, संध्याकाळचे सहा लांब होते, आणि एवढं मोठं शहर माझ्यापुढं मोकळं पसरलं होतं. मग मी चालायला लागले.

त्या दिवशी मी कुठं गेले, काय खाल्लं, कशावर एवढी हसले आणि एका ठिकाणी बसून का रडले, ते नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

सहाला पाच मिनिटं असताना धापा टाकत स्टँडवर आले. हुपरीची गाडी लागली होती आणि खच्चून भरली होती. आत माणसांवर माणसं. एक बाई कुणाशी तरी मोठ्यानं भांडत होती, "माणूस हाय हितलं! येतंय ते! सांगितलं न्हवं, येतंय!" आवाज आईचा होता. घुसत घुसत पोचले. खिडकीपाशी ती बसली होती, आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून, त्यावर हात दाबून, तिनं माझी जागा धरून ठेवली होती.