चार दिवस वाडगं कुणाच्या भरवशावर

"पाणी बघितल्याबिगर कळप हलवू नये," असं मायाक्का उठता-बसता म्हणायची. पोरीच्या लग्नाची बोलणी असोत की घरात नवा पंखा आणायचा असो, तिचा पहिला शब्द हाच. माहेरी आणि सासरी, दोन्हीकडं मेंढरं घेऊन पायी हिंडण्याचा धंदा. पुढच्या मुक्कामाला कळप न्यायच्या आधी एक माणूस एकटा पुढं जाई. तो विहीर बघे, झाडपाला बघे, रानाच्या मालकाची नियत बघे. त्यानं माघारी येऊन मान हलवली की मगच कळप उठे. नवरा होता तोवर हे काम त्यानं केलं. तो गेला आणि काठी मायाक्काच्या हातात आली. बाईमाणूस असून तिनं कळपाला कधी कोरड्या विहिरीवर नेलं नाही, हे सांगोल्याच्या माळावर लोक अजून सांगतात.

आता ती सत्तरीला टेकली होती. लांबचं हिंडणं सुटलं होतं. वस्तीवर ती आणि मागच्या वाडग्यात तिची बहात्तर मेंढरं, एवढाच तिचा संसार. पोरगा अजिनाथ कुर्डुवाडीला रेल्वेच्या कामावर, बायकापोरं घेऊन तिकडंच राहायचा आणि रविवारी वस्तीवर यायचा. लेक पूनम नवऱ्याच्या नोकरीपायी रत्नागिरीला. मेंढरं मात्र कुठं गेली नव्हती.

दिवाळी सरली आणि एका रविवारी अजिनाथ अंगणात मोबाईल उघडून बसला. सोबत अकलूजहून चुलता येडू आला होता, साखर कारखान्यावर पहारेकरी होता तो.

"आये, नाताळच्या सुट्टीत सगळी भावकी रत्नागिरीला जमायची ठरलीय. पूनमच्यात. तेवीस माणसं हुत्यात. चार दिवस."

"चार कशाला? माणसांची तोंडं बघायला एक दिस पुरं."

"तोंडं बघायला न्हाय की, फिरायला. ऐक. पहिल्या दिवशी भाट्याचा समुद्र. दुसऱ्या दिवशी किल्ला आणि थिबा राजवाडा. तिसऱ्याला गणपतीपुळे. चवथ्याला पावस करून माघारी. तीन टोळ्या केल्यात. म्हातारी माणसं एका गाडीत, बायका-पोरं दुसरीत, आमी तिसरीत."

"म्हातारी येगळी का?"

"त्यांना पायऱ्या चढवत न्हाईत म्हणून."

"मी गेल्या पावसाळ्यात मेंढरामागं डोंगर चढलीया. माझ्या पायाची काळजी तुला कवापासनं?"

येडू खो खो हसला. "वैनी, समुद्राची लाट काय तुजं मेंढरू पळवत न्हाय. चल की!"

"लाटंचं भ्या न्हाय, भाऊजी. लाट तोंडावर येती, पाठीमागनं न्हाय."

अजिनाथ मान खाली घालून मोबाईल चाळत राहिला. मायाक्काला ते बरं वाटलं नाही. पुतण्याच्या लग्नात आपल्याला मागच्या पंक्तीला बसवणारी ही भावकी, आणि आता म्हणे तू नाहीस तर मजा नाही. फार गोड बोलणाऱ्या मालकाच्या रानात आधी रात्र काढू नये, हे तिला नवऱ्यानं शिकवलं होतं.

तरी ती तिच्या रीतीनं पुढं पाणी बघायला निघाली. पायी जाणं होईना, म्हणून तिनं फोनवरून पूनमला धरलं. किल्ल्यावर सावली हाय का? गणपतीपुळ्याला बायकांच्या संडासाला रांग किती? समुद्रावर प्यायचं पाणी कुटनं आणायचं?

"आये, बाटलीचं मिळतंय गं."

"एवढं अथांग पाणी आणि प्यायचं बाटलीत? तुजा बा घाटाच्या कडंवर जाऊन आलता, तवाच म्हणला हुता, तिकडचं पाणी कळपाच्या उपेगाचं न्हाय."

"कळप कुटं येतोय? तुमी येताय."

"आणि कळप कुटं असंल, पूनम?"

"दादा म्हणालाय की कायतरी करतो."

कायतरी. हा शब्द मायाक्काच्या पायात काट्यासारखा मोडला.

पुढच्या रविवारी ती शेजारच्या विहिरीवरून घागर घेऊन आली, तर वाडग्यात अजिनाथाजवळ एक अनोळखी माणूस उभा. काळा, हडकुळा, डोक्याला मळका पटका. तो एकेका मेंढीच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि कमरेजवळ दोन बोटं दाबून बघत होता. मायाक्काची घागर तशीच डोक्यावर राहिली. बाजारात मांस किती निघेल ते असंच बघतात. अशी बोटं तिनं जन्मभर बघितली होती. त्या बोटांमागून नेहमी टेम्पो येतो.

माणूस तिला बघून वाकला, "अव्वा," म्हणजे कानडीत आई, एवढंच म्हणाला आणि सायकल घेऊन गेला.

"कोण रं त्यो?"

"नागप्पा. अक्कलकोटाकडचा हाय, आता कुंभारीला असतोय. आपण न्हाय तेवढे चार दिवस मेंढरं राखंल. माझ्या कामावरच्या दोस्तानं धाडलाय."

"मग मला न दावता कशाला आणलास?"

"दावला असता तर पळवून लावला असतास. गेल्या साली एकाला दगड मारलास."

ते खरं होतं. तरी मायाक्का त्याच्या अगदी पुढ्यात आली. "माझ्या डोळ्यांत बघ. मेंढरं इकायची हायत का?"

"आत्ता न्हाय," अजिनाथ म्हणाला.

आत्ता. त्यानं नंतर पुष्कळ सांगितलं, तुझं वय झालं, माळावर बिबट्या फिरतोय, पडलीस तर कळवायला कुणी नाही. सगळं खरं असेल. पण तिच्या कानात तो पहिलाच शब्द वाजत राहिला. बहात्तर मेंढरांत तिचं अख्खं आयुष्य होतं. समुद्र बघून माघारी यावं आणि वाडग्यात नुसत्या लेंड्या असाव्यात, हे तिला जागेपणी दिसू लागलं.

तिनं भांडण केलं नाही. "तुज्या नागप्पाला पुढल्या रविवारी एक दिस चारायला लाव," एवढंच सांगितलं. "मी बघती त्याचं पाणी."

त्या रविवारी कळप बाहेर पडायच्या आधीच तिनं एक मेंढी गुपचूप काढली. डावा कान फाटलेली, कुणाच्या लक्षात न येणारी. ती तिनं विहिरीपलीकडच्या पडक्या गोठ्यात बांधली. व्यापारी असला तर डोकी मोजेल, एक कमी आली तर दिवसाची मजुरी बुडेल या भीतीनं गप्प बसेल. आणि मेंढपाळ असला तर? तेच तिला बघायचं होतं.

दिवस कलला. बोरीच्या झाडाआड ती बसून राहिली. नागप्पा कळप घेऊन आला आणि वाडग्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून उभा राहिला. मेंढरं एकेक करून आत शिरली.

"मोजा की, बहात्तर भरत्यात का बघा," अजिनाथ म्हणाला.

"मोजून काय कळतंय?" नागप्पानं आत नुसती नजर फिरवली, जशी आई पंगतीवरून फिरवते. मग म्हणाला, "फाटक्या कानाची कुटं हाय? सकाळपासनं न्हाय ती. मला वाटलं, आजारी म्हणून अव्वानं घरी ठेवली."

उत्तराची वाट न बघता तो निघाला. जीभ टाळ्याला लावून कसलीशी हाक घालत माळ तुडवू लागला. त्याची हाक वेगळ्या मुलखातली, तरी गोठ्यातून बारीक बें आलं. थोड्या वेळानं तो मेंढीला उचलून घेऊन आला. मायाक्का बोरीआडून बाहेर आली होती.

"कुणी बांधली ही?" तो कडाडला. "एवढं आखूड दावं? गाभण हाय, अव्वा! मागल्या रविवारीच कंबर दाबून बघितली मी. हिला आणि आणखी दोघींना पेंड लागती, अंगात कायबी न्हाय त्यांच्या."

पन्नास वर्षं मेंढरांत काढलेली बाई, आणि मेंढीची पोटवाढ तिला दिसली नव्हती. ती पंधरवडाभर फक्त माणसांकडं बघत होती.

तिनं स्वतः पाणी आणून मेंढीपुढं ठेवलं. मग विचारलं, "तुजी मेंढरं कुटं गेली, नागप्पा?"

"इल्ल, अव्वा. न्हाईत आता. सोयऱ्याकडं चार दिस गेलतो. पोरांनी इकली. माघारी आलो तर वाडग्याची जाळीबी इकलेली."

मायाक्कानं वळून पोराकडं बघितलं. अजिनाथ मोबाईलमध्ये काहीच न बघता मोबाईलकडं बघत होता.

त्या संध्याकाळी सहलीचा बेत बदलला. मायाक्का ओट्यावर बसून सांगत गेली आणि अजिनाथ लिहीत गेला. म्हाताऱ्यांची वेगळी गाडी रद्द झाली. भाट्याला, किल्ल्यावर, गणपतीपुळ्याला, पावसला, चारी ठिकाणी अजिनाथ आईच्या गाडीत, तिच्या पुढच्या बाकावर बसणार. जेवायला शेजारी. फोन आला तर तिच्यासमोर बोलणार. फोनवरून येडू म्हणाला, "वैनी, ही सहल हाय का जेल?"

"ज्याच्या मनात काय न्हाय, त्याला सहलच हाय," मायाक्का म्हणाली. अजिनाथ हसला. त्या हसण्यात काय होतं, ते तिला वाचता आलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी डांबरीवर गाडी येऊन थांबली. येडू खिडकीतून हात हलवत ओरडत होता. नागप्पा दोन दिवस आधीच मुक्कामाला आला होता. मायाक्का त्याला वाडग्याच्या पाठीमागं घेऊन गेली.

"कुणीबी येऊ दे. कागद दावू दे, पैसं दावू दे. माझा पोरगा फोनवर बोलला, तरी एक शेपूट हलू द्यायचं न्हाय. मी सोता हितं उभी राहीन तवाच."

"मी एकदा फसलोय, अव्वा," नागप्पा म्हणाला.

तिनं त्याच्या डोळ्यांत बघितलं, जसं नव्या विहिरीत वाकून बघावं तसं. तळ दिसला असं नव्हे. पण पाणी होतं.

तिनं काठी त्याच्या हातात दिली. लुगड्याचा पदर खोचला, पिशवी काखेत मारली आणि वाट धरली. अजिनाथ बॅग घ्यायला पुढं आला, तर त्याला तिनं हातानंच पुढं चालायला सांगितलं आणि आपण त्याच्या मागं राहिली. ढेकळांतून, बाभळीखालून, रस्त्याच्या दिशेनं ती ताठ चालत गेली. एकदाही मागं वळली नाही. वाडग्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून नागप्पा तिच्याकडं बघत उभा होता.