बाईंची चिरमुऱ्याची परात

आमच्या घरमालकीण बाईंसारखं माणूस साऱ्या कोल्हापुरात दुसरं न्हवतं, आन् असतं तर आम्ही भाडेकरू तवाच गाव सोडून गेलो असतो. शाळेतनं निवृत्त झालेल्या, काष्ट्याचं लुगडं, हातात पुरुषमाणसाची काळी छत्री, ऊन असो पाऊस असो. पोरांची पुस्तकं लिवायच्या, आन् नुसत्या लिवायच्या न्हाईत, दुसऱ्यास्नी लिवायला शिकवायच्या. वरच्या सोप्यात सतरंजी टाकलेली असायची, तिला बाई तालीम म्हणायच्या आन् सवताला वस्ताद. एकच वाक्य घ्यायचं आन् धा तऱ्हेनं लिवायचं, ह्याला त्या जोर काढणं म्हणत. एरवी त्या शुद्ध बोलायच्या, राग आला की आमच्यागत बोलायच्या, आन् तुमास्नी सांगते, मी त्यांना शुद्ध बोलताना लई कमी ऐकलं.

मी त्या तालमीत कशी पडले म्हंजे बगा, संस्थान नुकतंच विलीन झालेलं, आमचे हे इंजिनाच्या कारखान्यात लागले म्हणून आम्ही गारगोटीवरनं येऊन बाईंच्या खालच्या दोन खोल्यांत ऱ्हायलो. पोरगी दोन वर्साची, दुपारची झोपायची न्हाय, म्हणून मी तिला धुक्यात चुकलेल्या वासराची गोष्ट सांगत बसलेवते. तर दारात छत्री वाजली. मी उठले, पदर घेतला, वाटलं भाड्याचं काय तरी चुकलं.

“ही गोष्ट कुणाची?”

“कुणाची न्हाय बाई, माझीच की. चुकलं का काय?”

“लिहून काढ.”

“मला कुठं लिवाय येतंय? माझी शाळा चौथी.”

“आन् पोरं काय मॅट्रिक झालेली असत्यात व्हय? ये वर.”

गेले मी. न्हाय म्हणायचं धाडस कुठलं? मला तर गिरणीवाल्याला दळण बारीक काढा म्हणायचंबी भ्या वाटायचं.

बाईंचा एका शब्दावर लई राग होता, तात्पर्य. गोष्टीच्या खाली तात्पर्य लिवलं की त्या म्हणायच्या, “पोराला जेवू घालून वर पावती फाडतीस व्हय गं?” एकदा टोपीवाले एक गुरुजी आले, मोठ्या शाळेतले, त्येंच्या गोष्टीला येक न्हाय, तीन तात्पर्यं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आन् मला च्या करायला सांगितला, बिनसाखरेचा. गुरुजींनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. बाई म्हणाल्या, “प्या की गुरुजी. गोडी न्हाय त्यात, पर गुण लई हाय.” गुरुजींनी सगळा च्या पिला बिचाऱ्यांनी. परत काय आले न्हाईत, पर दारातनं जाताना खाली बघून जायचे.

दुसरं खूळ म्हंजे पोराच्या उंचीवरनं बघायचं. मला घेऊन गंगावेशीत गेल्या, दुधाच्या कट्ट्यावर, जिथं म्हशी रस्त्यातच पिळत्यात आन् लोकं पेले घेऊन उभी असत्यात. तिथं त्या भर गर्दीत मटकन उकिडव्या बसल्या आन् मला म्हणाल्या, “बस खाली.” ओळखीचं कुणी बघितलं तर? बसले पोरीला छातीशी धरून. येक पैलवान पेला टाकून धावला.

“आजी, चक्कर आली काय?”

“चक्कर न्हाय पावणं, मी आत्ता पाच वर्साची हाय. सरका तिकडं, म्हशीचं पोट दिसंना!”

त्यो पैलवान माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, “वैनी, घरी न्या ह्यास्नी.” पर खोटं कशाला बोलू, खालनं म्हस डोंगराएवढी दिसली, आन् दुधाची धार पार आभाळातनं आल्यागत.

आन् सगळ्यात मोठं खूळ, चिरमुऱ्याची परात. कुणाचीबी गोष्ट तयार झाली की बाई गल्लीतली पोरं वर बोलवायच्या, मधी परात ठेवायच्या, आन् लिवणाऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. बाई वाचणाऱ्याकडं बघायच्याच न्हाईत, पोरांच्या हाताकडं बघायच्या. पोराचा हात परातीत गेला की तिथंच कागदावर आडवी रेघ. “हात गेला तिथं गोष्ट मेली,” म्हणायच्या. चांगल्या चांगल्यांच्या गोष्टी त्या परातीत मेल्या. ज्याच्या गोष्टीला परात भरलेली ऱ्हाईल त्येची गोष्ट बाई सवता छापखान्यात घेऊन जायच्या.

माझी पाळी आली ती दिवाळीच्या आधी. आन् तवाच सासूबाईंचा निरोप आलेला, सून पाठवून दे, भात कापायचंय, दोन म्हशी व्यायला झाल्यात, तिथं बसून काय कागद काळं करती? आमचे हे वाईट न्हाईत, पर आईपुढं त्येंचं काय चालत न्हाय. म्हणाले, “बाईंनी तुझी गोष्ट छापाय घेतली तर मी आईला कायतरी सांगीन. न्हाय तर गारगोटीची गाडी धर.” मला गावाचं दुःख न्हवतं हो, माझंच हाय ते. पर तिथं गेले असते तर पुन्हा हातात पेन्सिल कोण देणार होतं? ते येक वासरू माझ्या डोक्यात उभं होतं, ते तिथंच मेलं असतं.

परीक्षेदिवशी बाई म्हणाल्या, “आज चिरमुऱ्याचं भडंग तूच कर, जरा हात चालू ऱ्हाईल.” मी तेल तापवलं, लसूण टाकला, कांदालसणाची चटणी टाकली, तेवढ्यात पोरगी रडली, तिला घेतलं, आले, आन् चटणी टाकायची ऱ्हायली असं वाटून परत टाकली. भीतीनं माणसाला काय सुचतंय व्हय?

वर पोरं गोल बसली. बाई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात पुढच्या दोघातिघांनी चिमूट चिमूट तोंडात टाकली. आन् गप झाली. आमची कोल्हापूरची पोरं, तिखटाला हार जायची न्हाईत, आन् बाईंपुढं ओरडायचीबी सोय न्हाय. कोपरानं कोपराला निरोप गेला. मी वाचाय लागले. येक पान, दोन पानं, परातीकडं कुणी बघंना. मांडीवर हात ठेवून सगळी पुतळ्यागत. पुढच्यांच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं. ते बघून बाईंनी चष्मा काढला. दारात आमचे हे उभे होते, त्येंनीबी टोपी काढली.

गोष्ट संपली. बाई उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पोरी,” म्हणाल्या, “पोरी…” आन् आनंदात भडंगाचा मोठा बकाणा भरला.

त्यापुढचं काय सांगू. तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, परत पाणी. आवाज फुटला तवा म्हणाल्या, “गोष्टीनं न्हाय गं भवाने, चटणीनं रडल्यात ती! उद्या सकाळी परत वाचायचं. परात मी भरणार.”

दुसऱ्या दिवशी साधे चिरमुरे, वर गूळ, शेंगदाणे. पहिल्या ओळीलाच पाच हात गेले. मग सगळेच. बाई रेघा मारत्यात, मी वाचतेय, डोळ्यांपुढं गारगोटीची गाडी. मधी येक पान आलं, वासरू राधानगरीच्या रानात धुक्यात उभं हाय, त्येला आईला हाक मारायचीय आन् तोंडातनं आवाजच फुटंना. मला कळलं न्हाय, पर माझाच आवाज बारीक झाला. वर बघितलं तर येका पोरीचा हात परातीच्या काठावर तसाच, आन् बाकीची माझ्याकडं बघत्यात. पान संपलं, पुढं वासराला हसऱ्या फुलांनी वाट दाखवली, तशी सगळी पुन्हा खायला लागली.

बाईंनी कागद घेतले, तेवढं येक पान काढलं. “बाकी समदं माझ्यासारखं लिवलंस. मी हाय की अजून जिवंत, दुसरी कशाला? हे पान तुझं. ह्यात तू भ्यालीस.”

“मला तर कायमच भ्या वाटतंय, बाई.”

“मग त्येच लिव की! पोरांस्नी सगळ्याची भीती वाटती, आन् त्यांच्याबरोबर भ्याणारं मोठं माणूस घरात कुणी नसतंय.”

दारातनं ह्यांनी विचारलं, “म्हंजे बाई, ही पास का नापास?”

“येका पानाचं पुस्तक कोण छापतंय? नापास!”

मी परात उचलाय वाकले.

“आता नापास पोराला काय गावाला लावून देत्यात व्हय?” बाई छत्री उगारून ह्यांच्याकडं गेल्या. “त्याच वर्गात परत बसवत्यात. आईला सांग, सून नापास झालीया, वर्सभर सुटत न्हाय. भात कापायला तू जा, रजा काढून.”

आन् खरंच ते गेले. बाईंपुढं आन् आईपुढं न्हाय म्हणायचं त्यांच्यात न्हवतंच, त्या दिवशी बाई जवळ होत्या एवढंच. मी त्या वर्गात किती वेळा नापास झाले ते इचारू नका. शेवटी वासराचं पुस्तक निघालं, पातळसं. बाईंनी उलटंपालटं करून बघितलं, शिलाई घट्ट हाय म्हणाल्या, बास.

आता बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. तालीम बंद. सतरंजी गुंडाळून ठेवलीया, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटंला लागली. मी दुपारची जाऊन नवं लिवलेलं त्यांना वाचून दाखवते. त्या बाजेवर पडून असतात, झोपल्या का जाग्या हाईत तेबी कळत न्हाय. परवा अशीच वाचत होते, खाली दूधवाल्याची हाक आली म्हणून थांबले, कागद ठेवला, उठले. तर मागनं बाईंचा आवाज आला, इतका बारीक, मला वाटलं माझी पोरगीच, दोन वर्साची असतानाची, बोलली.

“मग?”