पहिल्याच फेरीत सगळं हिरवं
ओल्या चंदनाचा वास आला की तंजावरच्या आमच्या ऑफिसातली, कामाची अवजारं पुजतात त्या आयुधपूजेनंतरची ती सकाळ मला आठवते. लॅपटॉपांवर गंधाचे ठिपके सुकले होते आणि त्यांच्यामध्ये क्लाउडवरच्या आमच्या सर्व्हरचं नाव लिहिलेली, कुंकू लावलेली चिठ्ठी होती. दुपारी एका रुग्णालयाच्या नोंदी त्या सर्व्हरवर चढायच्या होत्या. सर्व्हरमध्ये कुठे फट राहिली नाही ना, हे तपासणारं नवं टूल सहकाऱ्याने आदल्या दिवशी बसवलं होतं. शेवटची सही माझी होती. “अक्का, सगळं हिरवं आलंय, करा सही,” तो म्हणाला. “पहिल्याच फेरीत? माझा पहिला डोसासुद्धा तव्याला चिकटतो.” “तुम्ही देवावरही संशय घ्याल!” “देव माझी सही मागत नाही.” मी सर्व्हरचं एक पोर्ट, म्हणजे आत शिरायचं दार, मुद्दाम साऱ्या जगाला उघडं केलं आणि टूल पुन्हा चालवलं. पुन्हा सगळं हिरवं. पोर्ट बंद करून मी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. तेव्हा तो चिठ्ठीकडे बोट दाखवून हळूच म्हणाला, “काल हा सर्व्हर पूजेत होता ना, अक्का. पूजेतल्या अवजाराला हात कसा लावायचा? म्हणून टूल सरावाच्या सर्व्हरला जोडलं. सकाळी बदलायचं राहिलं.” खऱ्या सर्व्हरला जोडल्यावर चार ओळी लाल आल्या, त्यातली एक नोंदींच्याच कप्प्याची, त्याला कुलूपच नव्हतं. आता तपासणीचं कुठलंही टूल बसवलं की आधी मी स्वतःच काहीतरी बिघडवते. ते टूलला दिसलं, तरच सही करते.