माझ्यावतीनेही एकदा

मी लिहावं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आठवणी वगैरे लिहिणं मोठ्या माणसांचं काम, असंच वाटत आलं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हॅम्बर्गला शिकत असतानाच्या आमच्या प्रशिक्षकांबद्दल मराठीत दुसरं कुणी लिहील, असं वाटत नाही.

ते दिवसा बंदरातल्या एका ऑफिसात काम करत आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलामुलींना बास्केटबॉल शिकवत. तरुणपणी स्वतः चांगले खेळायचे. गुडघा गेला आणि ते रेषेबाहेर आले, ते कायमचेच. सगळे त्यांना नावाने हाक मारत. माझ्या तोंडून 'सर'च निघे.

पहिल्या दिवशी मी हॉलच्या दारात बूट काढले, वाकून लाकडी जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मोज्यांवरच आत धावलो. लगेच सपशेल आडवा.

"बूट घाल बाबा, हे काय बर्फावरचं स्केटिंग आहे?" सर म्हणाले. "आणि दारात काय पडलं होतं तुझं?"

"काही नाही. नमस्कार केला."

"कुणाला?"

"जागेला. खेळू देते म्हणून."

ते गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. हा माझा वाकत नाही. उद्यापासून माझ्यावतीनेही एकदा कर."

तेव्हापासून मी दोनदा वाकू लागलो. "म्हाताऱ्याचा झाला का रे?" म्हणून पोरं चिडवायची.

त्या हॉलमधले दिवस मला सलग आठवतच नाहीत. छताच्या काचेवर पाऊस, खाली चेंडू. थोड्या वेळाने कुठला आवाज कुठला, ते कळेनासं होई. उन्हाळ्यात उजेड जायचं नाव घेत नसे. उजेडाच्या त्या पिवळ्या पट्ट्यात सर उभे असत, गळ्यातली शिट्टी क्वचितच वाजवत. घरी जाताना फेरीबोटीतून एल्बे नदीचं पाणी हॉलच्या जमिनीसारखं चकाकताना दिसे. बूट घातले तर यावरूनही चालता येईल, असं वाटे.

मग सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. परवाना असलेला दुसरा प्रशिक्षक मिळाला नाही, तर हॉलमधली आमची वेळ बॅडमिंटनवाल्यांना जाणार होती. "मला काय, मी टीव्ही बघेन," सर म्हणाले. पण त्या संध्याकाळी दिवे बंद करायला त्यांनी फार वेळ लावला. संघातली एक अबोल मुलगी परवान्याच्या परीक्षेला बसली. मी इंटर्नशिपला र्युसेल्सहाइमच्या मोटार कारखान्यात गेलो. तिथे गाड्यांचे दरवाजे तपासताना मन त्या हॉलमध्येच असे. निकाल कळत नव्हता.

एका रविवारी त्या मुलीचाच फोन आला.

"पास झाले. हॉल आपलाच राहिला. म्हातारा कुबड्या घेऊन बाकावर येऊन बसला होता. मी दारात वाकले, एकदा माझा, एकदा त्याचा. तर तिथूनच ओरडला, 'अजून एकदा! तो र्युसेल्सहाइमला आहे!'"