कोरियाचा भात

"दहा मिनिटं. पाट मांडा!"

एवढं म्हणून शेजारचे फौजी सुरीची पाठ ओट्यावर आपटायचे आणि मटणाकडे वळायचे. ही घोषणा झाली की घरात कोणी नुसतं बसलेलं त्यांना खपत नसे. पाट मांडायचे, पाण्याचे पेले भरायचे आणि हात धुऊन जागेवर यायचं. तुमच्या-आमच्या घरात बायका चुलीपाशी असतात आणि पुरुष 'झालं का?' म्हणून विचारतात. त्यांच्याकडे रविवारी सगळं उलटं असायचं. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, ऐसपैस पाटावर बसून 'झालं का जी?' असं विचारण्याचं सुख पुरेपूर घ्यायच्या.

आमच्या प्रताप नगरात सगळे त्यांना फौजी म्हणत. खरं नाव पोस्टमनला ठाऊक असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. ते मूळचे नागपूरजवळच्या खाप्याकडचे, शेतकऱ्याघरचे धाकटे. तरुणपणी फौजेत लांगरी म्हणजे स्वयंपाकी म्हणून लागले. कोरियातल्या लढाईत जखमींवर उपचार करायला आपली तुकडी गेली, तिच्याबरोबर तेही गेले. पुढे पेन्शन घेऊन नागपुरात आले आणि एका गोदामावर पहारेकरी झाले. मूलबाळ झालं नाही. त्यामुळे खाप्याच्या थोरल्या भावाचं घर तेच त्यांचं घर होतं आणि भावाची लेकरं तीच त्यांची लेकरं. पांढऱ्या इनॅमलचे, निळ्या काठाचे वाडगेसुद्धा त्यांनी भावाच्या घरातली माणसं मोजून आणले होते. एरवी रविवारी ते वाडगे आम्हा शेजाऱ्यांच्या हातात पडत.

त्या वाडग्यातच तो भात मिळे. मांडीचं मटण ते इतकं पातळ कापत की वहिनी म्हणायच्या, यातून पेपर वाचता येईल. सुरीच्या पाठीने ठेचून त्याला गूळ, लसूण, आलं, लाल तिखट आणि सदर बाजारातून आणलेला काळा सॉस चोळायचा. मग तिळाच्या तेलात, तापून लाल झालेल्या तव्यावर, चरचर आवाज करत दोन-चारदा उलथायचं. गरम भातावर ते मटण, वर भाजलेले तीळ, कांद्याची पात आणि अर्धकच्चं अंडं. सगळं एकाच वाडग्यात. वरण वेगळं, भाजी वेगळी, चटणी डावीकडे, ही भानगड नाही. वाडगा हातात घ्यायचा आणि चमच्याने खायचं.

माझ्या सासूबाई मटणाचं नाव निघालं तरी कानाला हात लावायच्या. मी फौजींकडून जेवून आले की विचारायच्या, "काय केलं होतं गं त्यांनी?"

"भात," मी म्हणे.

"भाताला एवढा लसूण?" इतकंच म्हणून त्या पुन्हा वाती वळायला लागत. त्यांना सगळं कळत होतं. न कळल्यासारखं दाखवणं हा त्यांचा मोठेपणा होता. असा मोठेपणा सगळ्यांना जमत नाही, हे मला पुढे कळलं.

हा भात शिकवला कोणी, असं विचारलं की फौजी सांगत, "तिकडच्या एका म्हातारीनं." आणि तिथंही बकराच होता का, असं कोणी विचारलं की ते तवा खरवडत म्हणत, "बकराच समजा."

आम्ही बकराच समजत होतो.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाला कर म्हणतात. पोळ्याला बैलांची पूजा आणि पुरणपोळी, करीला घरोघरी मटण. त्या सकाळी शहरात मारबत निघते. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत लोक ती कागदाची अक्राळविक्राळ बाई नाचवत नेतात आणि जाळून येतात. खाप्याहून भाऊ, भावजय आणि लेकरं मारबत बघायला दरवर्षी येत आणि संध्याकाळी फौजींकडे जेवून परत जात. वर्षाचं ते एक जेवण होतं. आठ दिवस आधीपासून फौजींची गडबड सुरू व्हायची. सुरीला धार लावून आणायचे आणि वाडगे राखेने घासायचे. कासाराच्या दुकानातही एवढे चकचकीत वाडगे मी पाहिले नाहीत.

त्या वर्षी भाऊ आले ते खचून आले. त्यांचा चांद्या बैल आषाढात गेला होता. पोळ्याला जोडी उभी राहिली नाही, एकटाच बैल सजवला होता. मी त्या दिवशी वहिनींना मदत करायला गेले होते. वाडगे हातात आले, सगळे जेवायला लागले, आणि भाऊ चमचा तसाच धरून बोलू लागले.

"लेकरासारखा होता गा तो. माह्याच हातानं खड्डा खणला अन् वावरातच मातीत देला. अन्न गोड लागत नोयतं मले." मग मान हलवून म्हणाले, "हे दुःख शेतकऱ्याशिवाय कोनाले नाही कडत. अन् आपल्या मुलखाशिवाय तं नाहीच नाही."

फौजी भाऊंच्या समोर बसले होते. त्यांचा चेहरा मला आजही दिसतो. भावाचं दुःख त्यांना बघवत नव्हतं आणि त्यांच्यापाशी सांत्वनाची एकच गोष्ट होती. ती त्यांनी काढली. माणूस आपल्याजवळ असतं तेच देतो.

"तसं नाही भाऊ," ते म्हणाले. "तिकडंबी कडते. मी पाह्यलं आहे."

मग त्यांनी सांगितलं. बर्फाचे दिवस होते. फौज मागे हटत होती. जखमींसाठी पाणी तापवायचं होतं, म्हणून फौजी सरपण मागायला एका घरात शिरले. घर शेतकऱ्याचंच होतं, दाराशी नांगर होता. म्हातारा, म्हातारी, सून आणि लेकरं. त्यांच्या एकुलत्या एक बैलाला तोफेचा तुकडा लागला होता, तो उठत नव्हता. घरात तांदळाशिवाय दाणा उरला नव्हता. म्हाताऱ्याने त्या बैलाच्या कपाळावरून खूप वेळ हात फिरवला होता आणि मग सुरी घेतली होती.

"तेच मटण म्हातारीनं पातळ कापलं, भातावर वाढलं," फौजी म्हणाले. "सारे खात होते अन् सारे रडत होते. लेकरंबी. मले वाटे, मानूस एक तं रडते, नाही तं खाते. तिथं दोन्ही संगं होऊन राहिलं होतं. तसं दुःख मी कुठं नाही पाह्यलं भाऊ. तुह्यावानीच होतं ते."

भाऊंनी वाडगा हळूच खाली ठेवला.

"अन् तुले वाढलं?"

"वाढलं. मी नाही म्हटलं. म्हातारीनं माहा हात धरून वाडग्यावर ठेवला."

"अन् तू खाल्ला?"

आता तरी 'नाही' म्हणा, असं मी मनात म्हणत होते. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. एक शब्द खोटा बोलले असते तर काही बिघडलं नसतं. पण फौजींना तो प्रश्न अवघड वाटलाच नसावा.

"खाल्ला. भूक लागली होती भाऊ, खोटं काहून बोलू?"

"बैल? नांगराचा?"

"हो."

भाऊ उठले. अंगणातल्या नळावर जाऊन त्यांनी चूळ भरली. पुन्हा भरली, पुन्हा भरली. भावजयीने लेकरांच्या हातातले वाडगे काढून घेतले. लहान मुलगी अंड्यासाठी रडायला लागली, तिला दटावलं. फौजी पाटावरून न उठता म्हणत होते, "भाऊ, हा बकरा आहे. हा बकराच आहे ना!"

फाटकातून भाऊ म्हणाले, "या भाताच्या नावानं इतकी वर्षं आमच्या तोंडात काय घातलं गा तू?" आणि ते गेले. जाताना इडा पिडा इथेच टाकून गेले, असं मला वाटलं.

पुढच्या पोळ्याला फौजी नेहमीसारखे खाप्याला गेले. वहिनींनी नको म्हटलं होतं. पोळा फुटला, म्हणजे एकत्र जमलेल्या जोड्या पांगल्या, की बैल घरोघरी पूजेला नेतात. फौजी भावाच्या दाराशी, ओवाळायचं ताट हातात घेऊन, बैलांची वाट बघत उभे राहिले. लांबून भाऊ नवी जोडी घेऊन आले. दारात धाकट्याला पाहिलं आणि कासरा ओढून बैल मागच्या बोळातून आत नेले. गावाने पाहिलं. फौजी ताट तुळशीपाशी ठेवून शेवटच्या गाडीने परत आले.

दुसऱ्या दिवशी कर. संध्याकाळी ओट्यावर सुरीची टकटक ऐकू आली. "दहा मिनिटं. पाट मांडा!" मी धावत गेले. वहिनींनी सगळे पाट मांडले होते. फौजींनी सगळे वाडगे भरले आणि फाटकाकडे तोंड करून बसले. भात निवला, अंड्यावर साय धरली. शेवटी वहिनींनी आपला वाडगा उचलला आणि खायला सुरुवात केली. मी पण खाल्लं. इतका वाईट घास मी आयुष्यात गिळला नाही आणि चव मात्र नेहमीसारखीच उत्तम होती.

मग दर करीला तेच. पुतणीचं लग्न झालं, आमंत्रण नाही. फौजींची आई वारली, निरोप आला तो क्रियाकर्म उरकल्यावर. त्यानंतर फौजींनी रविवारचं मटण बंद केलं. ओट्यावरची टकटक गेली आणि भिंतीपलीकडचं घर एकदम रिकामं वाटायला लागलं. मला भाऊंचा राग येई. मग त्यांनी मातीत घातलेला चांद्या आठवे, आणि रागही धड करता येत नसे.

एकदा मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं?"

"लग्न झाल्या झाल्या सांगितलं होतं त्यायनं," त्या म्हणाल्या. "म्हणाले, चालत नसन तं माहेरी पोचवून देतो. मी म्हटलं, त्या म्हातारीनं उपाशी मानसाले जेवू घातलं, मी काहून उठून जाऊ?"

फौजी थंडीच्या दिवसांत गेले. छातीत कफ साठला होता. शेवटचे काही दिवस जीभ जड झाली होती, पण कोणी फाटक वाजवलं की ते वहिनींना हाताने खूण करत. पाट मांडायची खूण होती ती. दूधवाला आला तरी करत.

भाऊ घाटावर आले. लांब उभे राहिले आणि पाण्याचा घोटही न घेता परतले.

त्यानंतरच्या करीला दुपारी वहिनींचं फाटक वाजलं, मी तिथेच होते. भाऊ एकटेच होते, हातात मटणाची पिशवी. पिकलेले, वाकलेले. वहिनी दारातच उभ्या राहिल्या.

"तो भात कर वं," भाऊ म्हणाले.

"आता काहून?"

भाऊ पिशवी तशीच पुढे धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने वहिनींनी ती घेतली. मी त्यांना मदत करायला गेले तर म्हणाल्या, "बस तू." त्यांनीच कापलं, त्यांनीच ठेचलं. पाट मांडला नाही. भाऊंनी कोपऱ्यातून एक पाट स्वतः घेतला आणि धाकट्याच्या जागेवर मांडून बसले. वहिनींनी वाडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि माझा हात धरून मला बाहेर पायरीवर घेऊन आल्या.

"खाऊ दे एकट्याले," त्या म्हणाल्या. "हे बी इतकी वर्षं भावाबिना जेवले."

आतून चमच्याचा आवाज येत होता. थांबे, पुन्हा येई. मी मान वळवून पाहिलं. भाऊंच्या एका हातात वाडगा होता, दुसऱ्यात चमचा. डोळ्यांतून पाणी गळून वाडग्यात पडत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

वहिनींनी माझ्याकडे न बघता विचारलं, "खाऊन राहिले का रडून राहिले?"

"दोन्ही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पण वाढायला त्या उठल्या नाहीत.