जो खातच नाही, तो काम काय करणार?

हारालांबी माझा शेजारी आणि त्याची साफ्ता माझी बाप्तिस्म्याची धर्मकन्या, त्या नात्याने मी त्याची कुमात्रा, म्हणून बोलते. नाहीतर लोकांच्या घरात डोकावायला मला वेळ कुठे, किराणा दुकान सांभाळते मी.

माणूस वाईट नाही हो. खोटं बोलायला गेला तर कान लाल होतात बिचाऱ्याचे. पण कुणाचे हात ओले न करता त्याने आयुष्यात एक तरी काम करून घेतलं असेल, तर शपथ. साफ्ता जन्मली तेव्हा डॉक्टरीणबाईंना कोंबडी, नर्सला कॉफीचा पुडा आणि दारावरच्या रखवालदाराला सिगारेटी. घरात टेलिफोन आला तो अक्रोडाच्या पोत्यावर बसून. त्याच्या लेखी ही लाच नाहीच मुळी, रीत आहे. आमच्या वास्लुई जिल्ह्यात सगळ्यांचं असंच चालतं, पण हा त्यातला भटजी.

साफ्ता नर्सिंग शिकली. गावातला दवाखाना बंद पडलेला, म्हणून ऑस्ट्रियात वृद्धांची सेवा करायची म्हणत होती. इंटरनेटवर दोन ठिकाणं सापडली. एका वृद्धाश्रमाच्या मुख्य बाई, फ्राउ लाइटगेब, तिच्याशी व्हिडिओवर समोरासमोर बोलल्या. अंगात एप्रन, चेहरा कडक. अर्धांग झालेल्या माणसाला कसं उठवशील, ते उशी घेऊन करून दाखवायला लावलं. पगार बेताचा, मागणं काही नाही.

दुसरा कोणी डायरेक्टर रिखार्ड. त्याने तोंड दाखवलं नाही, नुसते मेसेज. मुलाखत नाही, पगार दुप्पट, जागा संध्याकाळपर्यंतच, आणि आधी परवान्याची फी भरा.

"बाबा, आपल्याला तिकडे परवाना लागतच नाही," साफ्ता म्हणाली. "निम्मा गाव नुसतं ओळखपत्र घेऊन गेलाय. आणि नोकरी देणारा पगार देतो, मागत नाही."

"तुझी ती बाई काय घेते?"

"काही नाही."

"काहीच नाही?" हारालांबी माझ्याकडे वळला. "कुमात्रा, तूच सांग. जी खातच नाही, ती काम काय करणार? हा मागतोय, म्हणजे जागा याच्या खिशात आहे."

"त्याच्या खिशात तुझं डुक्कर जाईल," मी म्हटलं.

गेलंच. नाताळसाठी वर्षभर पोसलेलं डुक्कर, नोव्हेंबरातच विकलं. आमच्याकडे नाताळात ज्याच्या अंगणात डुक्कर नाही त्याला लोक कीव करून कलेजी आणून देतात, एवढी नामुष्की. मग रिखार्डने विम्याचे आणखी मागितले. शहाणा माणूस इथे सावध झाला असता. हा उलट खूश. "बघ कुमात्रा, मोठं काम आहे. त्याला वरच्यालाही द्यायचं असणार."

त्यानंतर रिखार्डचा फोन कायमचा बंद. हारालांबी पोलिसांत तक्रार द्यायला गेला, तोही आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली काखेत मारून. कपाळ माझं.

नशीब, पोर बापापेक्षा हुशार. तिने फ्राउ लाइटगेबचं ठिकाण हातचं सोडलं नव्हतं. करार आला, सह्या झाल्या, जानेवारीत हजर व्हायचं ठरलं. ते ऐकून हारालांबी माझ्या दुकानात बसून रडला. "पोरीचं वाटोळं करत होतो गं मी. आता इंटरनेटवरून कुणालाही एक लेउ देणार नाही." मला दया आली. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मला वाटलं, दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिईल.

इंटरनेटवरून नाहीच दिलं त्याने. आमच्याकडून दर आठवड्याला ऑस्ट्रियाला मिनीबस जाते, आणि ड्रायव्हर सॉसेजपासून शिवणयंत्रापर्यंत काहीही घरपोच देतो. दारातलं अक्रोडाचं झाड लाकूडवाल्याला विकून हारालांबीने त्या ड्रायव्हरबरोबर बाईंना एक बाटली आणि नोटांचं पाकीट धाडलं. आत चिठ्ठी, आमच्या साफ्तावर लक्ष असू द्या. आम्हाला दोघींना पत्ता नाही.

बाईंचा फोन आला तेव्हा साफ्ता माझ्याकडेच होती. जर्मन मला कळत नाही, पण तिचा चेहरा कळत होता. तिने फोन ठेवून सांगितलं, "बाई म्हणाल्या, चांगली खोली मिळावी म्हणून म्हाताऱ्यांचे नातेवाईक नर्सपुढे असलीच पाकिटं करतात. जिच्या घरून पाकीट येतं, तिला त्या खोल्यांत कशी पाठवू? मी म्हटलं, मला ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, पटतं, पण जागा दुसरीला दिली." मग ती पिठाच्या पोत्यावर बसली.

पुढच्या खेपेला मिनीबसने पुडकं परत आणलं. बाटलीचं बूच जसंच्या तसं. हारालांबीने माझ्या गल्ल्यावर पाकीट उघडलं, तर आत सगळ्या नोटा. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, पाकीट झटकलं, आत बोट घालून पाहिलं. साफ्ता समोर उभी होती. रागावलेली नव्हती, नुसती वाट बघत होती, की निदान आता तरी बापाच्या डोक्यात उजेड पडेल.

हारालांबीने मान हलवली. आवाज अगदी हळवा झाला होता त्याचा.

"कमी पडले असतील गं, पोरी."